इन्सुलिनची सुई आणि बाबासाहेबांचे घर

बाबासाहेबांवर आपल्याकडे वर्षभर भाषणे होतात. महाडचे पाणी, येवल्याची घोषणा, संविधान, नागपूरची धम्मदीक्षा, हे सारे आपल्या पोराबाळांना तोंडपाठ आहे. पण ज्या देहाने हे डोंगराएवढे काम ओढले त्या देहाबद्दल आपण फारसे बोलत नाही. महामानवाला दुखणे असते हे सांगताना वक्त्याची जीभ अडखळते. बाबासाहेबांना मधुमेह होता, साधासुधा नव्हता, शेवटची आठ-नऊ वर्षे त्यांना इन्सुलिन लागत होते, आणि त्याच वर्षांत संविधान, हिंदू कोड बिल आणि धम्मक्रांती झाली. या दुखण्याची गोष्ट बाजूला ठेवली की त्यांच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय आपल्याला नीट कळत नाही आणि एका बाईवर आपण केलेला अन्यायही कळत नाही.

आधी आजार समजून घेऊ. साखर म्हणजे म्हातारपणाचे, जास्त खाण्याचे दुखणे असे आपल्या वस्त्यांत अजून समजतात. मधुमेहाचा एक प्रकार असा आहे की ज्यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. हा प्रकार लहान मुलांत होतो, तसा तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसालाही होतो. मोठ्या माणसात तो हळूहळू येतो. डॉक्टर गोळ्या देतात, काही दिवस गोळ्या लागू पडतात, मग पडेनाशा होतात, आणि रोजची सुई मागे लागते. रक्तातली ही फितुरी ओळखणारी तपासणी १९७४ साली सापडली. १९४७ साली डॉक्टरांजवळ तसे साधन नव्हते. म्हणून बाबासाहेबांचा मधुमेह आजच्या कोणत्या खणात टाकायचा हा वाद घालण्यात अर्थ नाही. सुई दोन्हीकडच्या माणसाला एकच गोष्ट मागते, आणि ती म्हणजे घर. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. वेळेवर शिजणारे अन्न, वेळेवर उठवणारे माणूस, घाम फुटला, हात थरथरले तर साखर तोंडात घालणारे कोणी, आणि रोगी ऐकत नसेल तर त्याला दटावणारे कोणी. इन्सुलिन टोचून घेतले आणि जेवण लांबले तर साखर एवढी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो. न टोचता जेवले तर साखर चढते आणि वर्षानुवर्षे नसा, डोळे, मूत्रपिंड खात राहते. इन्सुलिन बाजारात मिळते, घर तिथे मिळत नाही.

आता बाबासाहेबांचे आयुष्य या बाजूने पाहा.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई भीमाबाई लहानपणीच गेली, आत्याने सांभाळले. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या खोलीत बापलेकांचा अभ्यास. रामजीबाबा लवकर झोपत आणि पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवत, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. आपण ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण भीमरावांच्या शरीराला रात्र म्हणजे झोप आणि भूक म्हणजे जेवण हा हिशेब बालपणापासूनच नाकारला गेला, हेही त्याच गोष्टीत आहे. ज्याच्या घरात दोन खोल्या आहेत तो मुलगा रात्री निजतो. ज्याच्याकडे एकच खोली आहे त्याला घर निजल्यावरच पुस्तक उघडता येते.

१९२० ते १९२३ या काळात ते दुसऱ्यांदा लंडनला होते. सकाळी घरमालकिणीने दिलेला तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, आणि रात्री भूक असह्य झाली की सोबत नेलेला पापड भाजून चहाबरोबर खाणे. धनंजय कीरांनी चरित्रात हे नोंदवले आहे. त्याच काळात, १९२१-२२ साली, समुद्रापलीकडे कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. तोपर्यंत इन्सुलिनवाचून न जगणारा मधुमेही म्हणजे उपाशी ठेवून मरण थोडे पुढे ढकललेला माणूस होता. अर्थशास्त्राच्या प्रबंधात बुडालेल्या त्या तरुणाला पंचवीस वर्षांनी या शोधाची गरज पडेल हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

इकडे परळच्या चाळीत माता रमाई संसार ओढत होत्या. १९०६ साली लग्न झाले तेव्हा त्या अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. पती परदेशात, पैसा नाही, नातेवाइकांचे खटले अंगावर. पाच मुले झाली, त्यातली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये, आणि त्यानंतर बाबासाहेबही काही काळ खचले होते. एकटा यशवंत जगला. चार मुले जाणे हे नशीब नव्हते. चाळ, उपासमार आणि औषधाला पैसा नसणे यांचा तो हिशेब होता. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले, हजारो पुस्तकांना जागा मिळाली, पण रमाईंचे शरीर तोवर संपले होते. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांना रागावून जेवायला उठवणारे, ते जेवल्याशिवाय स्वतः न जेवणारे एकमेव माणूस गेले.

त्यानंतर तेरा वर्षे ते घराशिवाय राहिले असे म्हटले तर चूक होणार नाही. राजगृह होते, नंतर दिल्लीत १९४२ पासून मजूर सभासद म्हणून पृथ्वीराज रोडचा बंगला होता, नोकर होते, स्वयंपाकी होते. पण पगारी माणूस साहेबांना सांगणार कसे की पुस्तक मिटा? वाचायला बसले की ताट थंड होई. रात्र संपून पहाट होई. पुन्हा लग्न करायचे नाही असा त्यांचा निश्चय होता. कार्यकर्त्यांना याचा अभिमान वाटे. समाजासाठी आयुष्य वाहून घेतलेल्या माणसाला संसार कशाला, अशी आपली समजूत. संन्याशाची ही कल्पना आपल्याकडे कुठून आली ते सांगायला नको. शिव्या घालतो त्या संस्कृतीचेच हे उष्टे आहे. तथागतांनी देह जाळणाऱ्या तपश्चर्येचा त्याग करून सुजाताची खीर घेतली होती, हे आपण दर वैशाखी पौर्णिमेला सांगतो आणि आपल्या नेत्यांबाबत मात्र विसरतो.

१९४७ साल उजाडले तेव्हा मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि नसांचा दाह यांनी शरीराला घेरले होते. त्याच ऑगस्टमध्ये ते कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला मसुदा समितीची नेमणूक झाली. फाळणीने पेटलेली दिल्ली, दिवसा मंत्रालय, रात्री मसुदा. समितीत सात माणसे होती. पुढे ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेतच सांगितले की एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानांच्या कामात गुंतलेले, एक-दोन दिल्लीपासून दूर, आणि सारा भार शेवटी डॉ. आंबेडकरांवर पडला. आपण हे भाषण अभिमानाने सांगतो. मला त्यात दुसरेही दिसते. सात जणांचे काम ज्या एकावर पडले त्याचे पाय रात्रभर ठणकत होते. चढलेली साखर नसा पोखरते तेव्हा पायांत आग होते, मुंग्या येतात, पांघरूणाचा स्पर्श सहन होत नाही, आणि हे सारे रात्री वाढते. रात्र हाच तर बाबासाहेबांच्या कामाचा वेळ. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा अध्यक्षांना सादर झाला तेव्हा तो लिहिणारा माणूस झोप हरवून बसला होता.

मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत. त्यांच्याकडेच डॉ. शारदा कबीर काम करीत होत्या. जन्म १९०९ चा, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली एम.बी.बी.एस. झालेल्या. बाबासाहेबांची आणि त्यांची पहिली भेट १९४७ साली पार्ल्याला एका स्नेह्यांच्या घरी झाली होती. उपचारांच्या निमित्ताने ओळख वाढली. डॉक्टरांनी बाबासाहेबांना स्पष्ट सांगितले की इन्सुलिन आणि पथ्य सांभाळणारे माणूस चोवीस तास जवळ नसेल तर फार दिवस काढता येणार नाहीत.

इथे बाबासाहेबांनी जो विचार केला तो त्यांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना मार्च १९४८ मध्ये पत्राने कळवला. तो भावनेचा नव्हता, एखाद्या खटल्याची टिपणे काढावीत तसा होता. लग्न न करण्याचा निश्चय मोडावा लागतो आहे. नर्स किंवा घर सांभाळणारी बाई ठेवली तर लोक चारित्र्यावर बोट ठेवतील. म्हणून लग्न हाच सरळ मार्ग. बाई शिकलेली हवी, वैद्यकी जाणणारी हवी आणि स्वयंपाक येणारी हवी. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असलेली स्त्री त्या काळी आपल्या समाजात मिळणे शक्य नव्हते. का नव्हते? हजारो वर्षे ज्या समाजाच्या पुरुषाला अक्षर नाकारले, त्या समाजातून १९४८ साली लेडी डॉक्टर कुठून यायची? म्हणजे बाबासाहेबांच्या औषधाच्या कुपीपर्यंत जात येऊन पोचली होती. ज्यांना वाटते की आजार जात पाहत नाही, त्यांनी हे पत्र काढून वाचावे. आजार पाहत नसेल, पण उपचार पाहतो.

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत हार्डिंग अव्हेन्यूवरील निवासस्थानी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. ना भटजी, ना मुहूर्त. शारदा कबीरच्या सविता आंबेडकर झाल्या. समाज त्यांना माईसाहेब म्हणू लागला, पण मनापासून म्हणाला का? बाई सारस्वत ब्राह्मण घरातली. अनेक अनुयायी नाराज झाले. रमाईंच्या जागी दुसरे कोणी पाहण्याची कल्पनाच लोकांना सहन झाली नाही. ज्या माणसाने जातिनिर्मूलनाचा मार्ग म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, त्यानेच तो केला तेव्हा चळवळीच्या पोटात दुखले. हे नमूद करून पुढे जातो.

इन्सुलिन म्हणजे त्या काळी काय होते हे आजच्या पिढीला कळणार नाही. आज खिशात पेनासारखी पिचकारी असते, बोटाच्या थेंबावर साखर कळते. १९४८ साली काचेची सिरिंज प्रत्येक वेळी पाण्यात उकळावी लागे. सुई पुन्हा पुन्हा वापरायची, बोथट झाली की घासायची. साखर मोजायची ती लघवी निळ्या द्रावणात उकळून, रंग निळा राहिला तर ठीक, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल झाला तर वाईट. आणि हा रंगही आत्ताची साखर सांगत नसे, काही तासांपूर्वीची सांगे. बाटली थंडीत ठेवायची. मग टोचून झाल्यावर ठराविक वेळात ठराविक जेवण. हा सारा व्याप रोज, न चुकता, पुढची साडेआठ वर्षे माईसाहेबांनी केला. त्यांची डॉक्टरी त्यानंतर एकाच रुग्णापुरती उरली. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा सभेपुढे मांडला गेला आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले. या वर्षभरात बाबासाहेब सभागृहात तासन् तास उभे राहून प्रत्येक दुरुस्तीला उत्तर देत होते. मधुमेही माणसाला सभागृहाच्या कामकाजाच्या घड्याळावर असे उभे राहता येते, कारण दुसरे एक घड्याळ घरी कोणीतरी सांभाळत असते. त्या घड्याळाचे नाव संविधानाच्या इतिहासात येत नाही.

मग तक्रार सुरू झाली. माईसाहेब बाबासाहेबांना भेटू देत नाहीत, कार्यकर्त्यांना दारातून परत पाठवतात. ही तक्रार आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी स्वतः लहानपणी ऐकलेली आहे. तिच्यामागची व्यथा खोटी नव्हती. विदर्भातून, मराठवाड्यातून, पंजाबातून माणूस उधारीवर तिकीट काढून बापाला भेटायला दिल्लीला यायचा आणि त्याला सांगितले जायचे की साहेब विश्रांती घेत आहेत. त्याला काय वाटले असेल ते आपल्याला कळते. पण दाराच्या आतली बाजूही पाहिली पाहिजे. लोक आले की बाबासाहेब स्वतःच उठून बसत. एकाशी बोलले की दहा जण. जेवण तसेच राहते, सुई मात्र टोचून झालेली असते. अशा वेळी दार लावणारी बाई वाईट ठरणारच. रोग्याची काळजी घेणाऱ्याला वाईटपणा घ्यावाच लागतो, आणि तो जर परक्या जातीतला असेल तर वाईटपणाला हेतू चिकटवला जातो.

वकिलीत कौटुंबिक न्यायालयात जाणे होते म्हणून सांगतो, ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. लग्नानंतर तिशीत मधुमेह निघालेल्या, सुईवर असलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. सासरचे म्हणतात, आधीपासून होता, लपवून आमच्या गळ्यात मारली. वर सांगितले तसा हा मोठेपणी हळूहळू येणारा प्रकार लग्नाच्या वेळी कोणाला कळलेला असेलच असे नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग फसवणूक म्हणून विवाह रद्द करण्याचा अर्ज येतो. आपण बौद्ध असलो तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ नुसार तोच कायदा आपल्याला लागतो, आणि कलम १२ मध्ये महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवल्याचे कारण आहे. या कलमाचा आधार घेऊन आजारी बाईला बाहेर काढण्याचे उद्योग चालतात. ज्या घरात राहते तिथे काय होते? बाई सुई घेते, मग सगळ्यांना वाढते, पाहुणे आले म्हणून पुन्हा भाकरी टाकते, आणि सर्वांचे झाल्यावर शेवटी जेवायला बसते. तोवर तिला घाम सुटलेला असतो, डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. घरचे म्हणतात, नाटक करते. बाबासाहेबांसाठी ताट घेऊन माईसाहेब उभ्या होत्या. आपल्या घरातल्या रमाई-सविताईंसाठी ताट घेऊन कोण उभे आहे? जाता जाता, आपल्या सभांचेही सांगतो. सहाची सभा नऊला सुरू होते आणि कार्यकर्ता रात्री एकला जेवतो. सुईवरच्या माणसाने या चळवळीत काम कसे करायचे?

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे परत येऊ. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते आहे, लांबलचक उपचारांसाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्याचा आशय. विचार करा, एक मधुमेही माणूस आपले उपचार पुढे ढकलतो, आणि कशासाठी? सवर्ण घरातल्या बाईला घटस्फोटाचा आणि वारसाचा हक्क मिळावा म्हणून. सप्टेंबरमध्ये चर्चा झाली, चार कलमे कशीबशी संमत झाली आणि बिल सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. आपण आजारपणामुळे जात नाही हे त्यांनी राजीनाम्याच्या निवेदनात मुद्दाम स्पष्ट केले. लोक तसे म्हणतील हे त्यांना ठाऊक होते. माणसाच्या विरोधाला त्याच्या आजारात बुडवून टाकणे ही सत्तेची जुनी युक्ती आहे.

त्यानंतर ते २६, अलीपूर रोड येथे राहायला गेले. १९५२ ची लोकसभा निवडणूक हरले, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. जून ते ऑक्टोबर १९५४ या महिन्यांत ते जवळजवळ अंथरुणाला खिळून होते. दृष्टी अधू होत चालली होती. वाचन हाच ज्याचा श्वास, त्याचे डोळे जाणे म्हणजे काय? आसवे गाळणारा बाबासाहेब आपल्या पुतळ्यांत नाही, पण नानकचंद रत्तूंनी तो पाहिला. होशियारपूरचा हा पंजाबी तरुण सरकारी नोकरी करून संध्याकाळी बाबासाहेबांकडे येई, टंकलेखन करी, पाय चेपी आणि रात्री घरी जाई. सुदामा स्वयंपाक सांभाळी. माईसाहेब, रत्तू, सुदामा, हे त्या आजाऱ्याचे घर होते. एक सारस्वत घरातली डॉक्टर, एक पंजाबी कारकून, एक गरीब आचारी. रक्ताचे नाते यात कुठेच नाही.

या घराच्या बळावर ते डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, परत येऊन २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ याच अवस्थेत लिहिला. एवढे मोठे काम एवढ्या आजारी माणसाने केले हे आपण चमत्कारासारखे सांगतो. चमत्कार आपल्या धम्मात बसत नाहीत. त्यामागे रोजचे टोचणे होते, रोजचे मोजून दिलेले अन्न होते आणि आजारापेक्षा हट्टी असलेला एक माणूस होता.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरची ती भूमी, लाखोंचा समुदाय, पांढरी वस्त्रे. महास्थविर चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना एकत्र दीक्षा दिली. व्यासपीठावर बाबासाहेब काठीचा आणि शेजारच्या खांद्याचा आधार घेऊन उभे होते. त्यानंतर त्यांनी स्वतः जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. १६ ला चंद्रपूर. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची परिषद आणि बुद्ध व मार्क्स यांच्यावरचे भाषण, परतीच्या वाटेवर सारनाथ आणि कुशीनारा. कोणताही डॉक्टर हा प्रवास करू देणार नाही. बाबासाहेबांना आपल्या आयुष्याचा हिशेब कळला होता, असे मला वाटते. उरलेले दिवस कशावर खर्च करायचे ते त्यांनी ठरवले होते, आणि माईसाहेब सोबत होत्या, अडवीत नव्हत्या.

५ डिसेंबरच्या रात्री रत्तूंनी डोक्याला तेल चोळले. बाबासाहेबांनी थोडेसे खाल्ले, आपल्या ग्रंथाची प्रस्तावना आणि काही पत्रे चाळायला उशाशी मागवली. रत्तू रात्री उशिरा सायकलवरून घरी गेले. ६ डिसेंबरला सकाळी माईसाहेब उठवायला गेल्या तेव्हा सारे संपले होते.

आणि मग तो शब्द आला. विषप्रयोग. ब्राह्मण बाई, तीही डॉक्टर, सुई तिच्या हातात, आणखी काय पुरावा हवा? काही खासदारांनी चौकशीची मागणी केली, चौकशी झाली, आणि १९५७ साली गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. चौकशीचा अहवाल लोकांपुढे ठेवला गेला नाही हा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. सरकारने तो ठेवायला हवा होता. पण अहवाल दडवला म्हणून आरोप सिद्ध होत नाही. वकील म्हणून विचारतो, फिर्याद काय आहे? मयताला किमान नऊ वर्षांचा मधुमेह, वाढलेला रक्तदाब, नसांचा विकार, अधू दृष्टी, दोन वर्षांपूर्वी महिनोन्महिने अंथरूण, आणि शेवटच्या दोन महिन्यांत नागपूर ते काठमांडू अशी दगदग. वय पासष्ट. मधुमेही माणसाचे हृदय झोपेत थांबू शकते हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. याउलट आरोपीविरुद्ध काय, तर तिची जन्मजात. जन्मावरून माणसाचा गुन्हा ठरवण्याची पद्धत कोणाची, हे या वर्तमानपत्राच्या वाचकाला मी सांगायला नको. आणि एक साधी गोष्ट. मारायचेच असते तर साडेआठ वर्षे जगवले कशाला? संविधानाच्या आधी काही न करता, म्हणजे फक्त सुई देणे विसरून, काम झाले असते. इन्सुलिनवरच्या माणसाला मारायला विष लागत नाही, दुर्लक्ष पुरते.

माईसाहेब त्यानंतर वर्षानुवर्षे चळवळीपासून तोडलेल्या अवस्थेत दिल्लीत राहिल्या. सत्तरच्या दशकात दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा लोकांत आणले, आणि पँथरचे हे ऋण मान्य केले पाहिजे. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले तेव्हा ते राष्ट्रपतींच्या हातून माईसाहेबांनी स्वीकारले. त्याच वर्षी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे त्यांचे पुस्तक निघाले. बाबासाहेबांचे पथ्य, औषधे आणि रात्रीची जागरणे त्यात डॉक्टरच्या नजरेने आली आहेत. २९ मे २००३ रोजी मुंबईत त्या गेल्या, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. बाबासाहेबांच्या मागे त्या सेहेचाळीस वर्षे जगल्या, आणि त्यातला बराच काळ त्यांनी एका न चाललेल्या खटल्यातील आरोपी म्हणून काढला.